खऱ्या नोटा एकसारख्या नसतात

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याच्या एका ताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. आठवड्याच्या गल्ल्यात त्यांना पाचशेच्या चार नोटा खटकल्या. पहिलीत हिरवा धागा गव्हर्नरांच्या सहीपासून लांब, गांधीजींच्या बाजूला सरकलेला दिसतो. दुसरीचा एकीकडचा पांढरा काठ रुंद आणि समोरचा अरुंद आहे. तिसरीच्या नंबरात मधेच चांदणी आहे. चौथी भाच्याच्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आली, जरा फिकी पडली, आणि शेजारच्या मेडिकलवाल्याच्या नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली चक्क चमकली. भाच्याच्या मते चारही खोट्या. ताईंनी शेवटी विचारलंय, "नोटा मशीनवरच छापतात ना? मग सगळ्या एकसारख्या का नसतात?"

ताई, मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की चार नोटांचा निकाल बराचसा तुमचा तुम्हालाच लावता येईल.

आधी माझी ओळख. मी नोटा छापणारा नाही. नाशिकरोडला माझा छापखाना होता, तीसेक वर्षं चालवला. सुरुवात लग्नपत्रिका आणि बिलबुकांपासून केली. पुढे गुणपत्रिका, गिफ्ट व्हाउचर, नंबर घातलेली प्रमाणपत्रं, असं ज्याची नक्कल होऊ नये ते काम जास्त केलं. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की माणूस माझा छापखाना धरत नाही, नोटांचं आणि तिकिटांचं सरकारी प्रेस धरतो. तिथले कितीतरी जण माझे शेजारी. पण त्यांनी आतलं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, तशी रीतच आहे तिकडे. तेव्हा खाली जे लिहितोय ते नोटांबद्दल जाहीर असलेलं, आणि कागद-शाई-मशीनबद्दल माझ्या हातांना माहीत असलेलं.

दुसरी गोष्ट, तुमच्या चार नोटा मी पाहिलेल्या नाहीत. फोटो पाठवू नका, त्याचा उपयोग नाही. नोटेत जे ओळखायचं ते हाताला लागतं, नाहीतर नोट हलवल्यावर दिसतं, आणि फोटोत यातलं काहीच येत नाही. त्यामुळे 'ही खरी, ही खोटी' असा शिक्का मी इथून मारणार नाही. पण तुम्ही ज्या चार कारणांनी संशय घेतलाय, त्यातलं एकही कारण नोट खोटी ठरवायला पुरेसं नाही, हे ठामपणे सांगतो.

आता नोट तयार कशी होते ते बघू. आपण 'छापली' म्हणतो, पण ती एका छपाईत होत नाही. आधी कागद बनतानाच त्यात दोन-तीन गोष्टी बसवतात. मग त्यावर एकामागून एक वेगवेगळ्या जातीच्या छपाया चढतात, मग नंबर पडतो, मग कटिंग. दोन छपायांच्या मधे शाई वाळायला शीट ठेवून द्यावे लागतात. प्रत्येक टप्प्याचं मशीन वेगळं. एका मशीनवरून उतरलेला शीट दुसऱ्या मशीनवर चढवला की तो केसभर इकडेतिकडे बसणारच. छापखान्यात याला आम्ही 'रजिस्टर हललं' म्हणतो. किती हललेलं चालेल याची मर्यादा ठरलेली असते. तिच्या आत असेल तर माल पास, बाहेर गेला तर रद्दी. दोन खऱ्या नोटांमध्ये तुम्हाला दिसणारे बहुतेक फरक या मर्यादेच्या आतले असतात.

कागदापासून सुरू करू. भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. वही-वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. कापसाचा तंतू लांब आणि चिवट, म्हणून नोट हजारदा दुमडली तरी घडीवर लगेच उसवत नाही, आणि कोरी असताना झटकली तर खणखणते. वरून कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे तो मळ आणि पाणी जरा उशिरा पितो. असा कागद आपल्याकडे मध्य प्रदेशात नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला, तयार होतो आणि म्हैसूरलाही होतो. बराच कागद पूर्वी परदेशातून यायचा.

वॉटरमार्क म्हणजे छपाई नव्हे, हे मनात पक्कं करा. ओला लगदा जाळी लावलेल्या फिरत्या सिलिंडरवर बसतो. त्या जाळीवर गांधीजींचा चेहरा उंच-खोल उठवलेला असतो. खोलगट जागी तंतू जास्त जमतात, तिथे कागद जाड होतो आणि उजेडात गडद दिसतो. उंचवट्यावर तंतू कमी, तिथे पातळ आणि उजळ. गालावरून कानाकडे जाताना सावली हळूहळू विरघळत जाते ती यामुळे. शेजारी '500' हा आकडा मात्र लख्ख उजळ दिसतो, कारण त्यासाठी जाळीवर धातूचा आकडाच बसवलेला असतो. त्याला इलेक्ट्रोटाइप म्हणतात.

धागा पण इथेच येतो. लगद्याचा कागद होत असताना रिळावरचा धागा त्यात सोडतात. तो काही ठिकाणी कागदाच्या पोटात जातो आणि काही ठिकाणी वर येतो, म्हणून समोरून तुटक चौकोन दिसतात आणि उजेडात धरल्यावर तोच धागा वरपासून खालपर्यंत सलग दिसतो. पाचशेच्या नोटेत त्यावर 'भारत' आणि आरबीआयची इंग्रजी अक्षरं असतात, आणि नोट तिरकी केली की रंग हिरव्याचा निळा होतो.

आता तुमच्या पहिल्या नोटेकडे येऊ. धागा नेमका एकाच जागी का नाही? याचं उत्तर मला माझ्याच मशीनवर मिळालं होतं. एका गिऱ्हाइकाच्या गिफ्ट व्हाउचरवर आम्ही चकचकीत होलोग्रामची पट्टी मारली, सगळ्या शीटवर अगदी एकाच जागी. मला अभिमान वाटला की किती नेटकं काम. पाचशे शीट एकावर एक रचले आणि गठ्ठा मधे उंच, कडेला खाली, कौलारू घरासारखा झाला. पट्टी कागदापेक्षा किती जाड, तर हाताला जेमतेम जाणवावी एवढी. पण पाचशे पट्ट्या एकाच रेषेत आल्यावर त्याचा बांधच तयार झाला. कटिंग मशीनचा क्लॅम्प वरून बसला तसे शीट सरकले आणि अर्धी व्हाउचरं तिरकी कापली गेली. नुकसान माझं.

नोटांचा धागा घालणाऱ्या कागद गिरण्यांपुढे हीच अडचण मोठ्या प्रमाणावर असते. धागा दर शीटमध्ये तंतोतंत एकाच जागी आला तर रीळ फुगेल, शीटचा गठ्ठा फुगेल, हजार नोटांचं बंडल कुबड आल्यासारखं दिसेल आणि मोजायच्या मशीनमध्ये अडकेल. म्हणून धागा सोडताना तो मुद्दाम डावी-उजवीकडे थोडा हलवत ठेवतात, एका ठरावीक पट्ट्याच्या आत. म्हणून एका नोटेत तो सहीच्या जवळ आणि दुसरीत गांधीजींच्या बाजूला असू शकतो. 'हिरवी पट्टी गांधीजींजवळ असेल तर पाचशेची नोट घेऊ नका' हा मेसेज मलाही नातेवाइकांच्या ग्रुपवर किती वेळा आला, मोजणं सोडलंय. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे, दोन्ही प्रकारच्या नोटा चालतात. तुम्ही धागा कुठे आहे ते बघू नका. तो कागदाच्या पोटात आहे का आणि रंग बदलतो का, एवढं बघा.

दुसरी नोट, काठांची. यासाठी छपाया समजून घ्याव्या लागतील.

पहिली छपाई ऑफसेटची. चित्रांच्या पाठीमागे पार्श्वभूमीला दिसणाऱ्या फिकट रंगांच्या बारीक नक्षीच्या रेषा, एकात एक मिसळत जाणारे रंग, हे सगळं त्यातलं. नोटांच्या या मशीनचं वैशिष्ट्य असं की शीटच्या दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच दाबात छापल्या जातात. माझ्या छापखान्यात आधी एक बाजू छापायची, वाळवायची, मग उलटून दुसरी. कितीही जपलं तरी दोन बाजू तंतोतंत जुळायच्या नाहीत. नोटेच्या डाव्या बाजूला एक छोटी आकृती अर्धवट, तुटक दिसते. मागेही तशीच तुटक. उजेडात धरली की दोन्ही अर्धे एकमेकांत बसून '500' पुरा होतो. मला विचाराल तर सबंध नोटेत सगळ्यात हुशार जागा ही. नकली नोट करणारा दोन बाजू वेगवेगळ्या छापतो आणि इथे त्याचा आकडा फाटतो.

त्यानंतर इंटॅग्लिओ. धातूच्या प्लेटमध्ये रेषा खोल कोरलेल्या असतात. प्लेटवर दाट शाई लावायची, वरचा पृष्ठभाग पुसून काढायचा, शाई फक्त कोरलेल्या खाचांमध्ये उरते. मग कागद प्लेटवर ठेवून कित्येक टनांचा दाब. कागद खाचांत घुसतो आणि शाई उचलून वर येतो. वाळल्यावर ती शाई कागदावर चढलेल्या वरंब्यासारखी राहते. गांधीजींचा चेहरा, उजवीकडची अशोकस्तंभाची मुद्रा, दोन्ही काठांवरच्या पाच-पाच तिरक्या रेषा, हे बोटांना लागतं ते यामुळे. शंभर आणि त्यावरच्या नोटांना ही उठावाची छपाई असते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्यातच खूण ठेवलेली असते. पाचशेला वर्तुळ आणि काठावर पाच रेषा, शंभरला त्रिकोण आणि चार रेषा.

ऑफसेट एका मशीनवर, इंटॅग्लिओ दुसऱ्या, आणि कागदातला वॉटरमार्क तर दूरच्या गिरणीत बसलेला. त्यामुळे या तिघांची एकमेकांशी जागा थोडी सरकते. शेवटी कटिंग. एका शीटवर अनेक नोटा असतात आणि असे कितीतरी शीट एकावर एक ठेवून सुरी चालते. सुरीच्या दाबाने वरचा आणि खालचा शीट सूतभर मागेपुढे होतो. पाचशेच्या नोटेचं माप 66 बाय 150 मिलिमीटर ठरलेलं आहे, ते पाळलं जातं. पण त्या मापाच्या आत चित्र थोडं डावीकडे बसलं की एक काठ रुंद आणि एक अरुंद दिसतो. तुमच्या नोटेची लांबी-रुंदी एखाद्या खात्रीच्या नोटेवर ठेवून बघा. माप जुळत असेल आणि फक्त चित्र सरकलं असेल तर घाबरायचं कारण नाही. माप जुळत नसेल तर मात्र नीट बघा, कारण आकाराच्या बाबतीत खरी नोट एवढी ढिली नसते.

रंगाच्या छटेचंही असंच. आज आपल्याकडे नोटा चार ठिकाणी छापल्या जातात. नाशिकरोड आणि देवास ही केंद्र सरकारच्या महामंडळाची, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबोनी ही रिझर्व्ह बँकेच्या कंपनीची. डिझाइन एकच, पण कागदाची खेप वेगळी, शाईची खेप वेगळी. एकाच पिठाचे चकलीचे दोन घाणे सारख्या रंगाचे निघत नाहीत, तिथे हे तर चार कारखाने. जाता जाता, नाशिकला नोट छापायला सुरुवात झाली 1928 साली, पंचम जॉर्जच्या पाच रुपयांपासून. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून बोटीने यायच्या. 1932 पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकलाच छापू लागले. फाळणीनंतर पाकिस्तानला स्वतःच्या नोटा मिळेपर्यंत वापरायला दिलेल्या, वर त्या सरकारचं नाव छापलेल्या नोटासुद्धा इथल्याच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की चहा दोनदा होतो.

तिसरी नोट, चांदणीची. ही तर मला जिव्हाळ्याची. नंबर पाडण्याचं काम जुन्या लेटरप्रेसच्या पद्धतीने होतं. आकड्यांची छोटी चाकं असतात, एक शीट गेला की चाक एक घर पुढे. एकदा एका संस्थेच्या गुणपत्रिकांचं काम होतं. नंबरिंगच्या एका चाकात कागदाचा भुसा अडकला आणि एकम स्थानचा आकडा पुढे सरकेना. मशीनवरच्या पोराच्या लक्षात येईपर्यंत बासष्ट गुणपत्रिका एकाच नंबराच्या निघाल्या. रद्द केल्या. पण मधले नंबर भरून द्यायलाच हवे होते, कारण गिऱ्हाइकाला सलग हवे होते. मग रात्री उशिरापर्यंत एक-एक नंबर हाताने लावून त्या बासष्ट पुन्हा छापत बसलो. दिवसभराच्या कामाएवढा वेळ त्या बासष्टांनी खाल्ला.

नोटांच्या प्रेसमध्येही तपासणीत काही नोटा बाद होतातच. पूर्वी शंभराची गड्डी नेहमी सलग नंबरांची द्यायची म्हणून बाद नोटेच्या जागी त्याच नंबराची नवी छापून घालावी लागे. 2006 पासून रिझर्व्ह बँकेने चांदणीच्या नोटा आणल्या. सुरुवात दहा, वीस, पन्नासपासून झाली आणि पाचशेला चांदणी आली 2016 च्या शेवटी. नंबराच्या आधीची तीन अक्षरं-आकडे आणि पुढचा नंबर यांच्या मधे चांदणी छापतात. बाद झालेल्या नोटेच्या जागी ही घातली की गड्डीत शंभर पूर्ण होतात, क्रम तेवढा सलग राहत नाही. 2023 च्या जुलैत पुन्हा अफवा उठली तेव्हा रिझर्व्ह बँकेने चांदणीची नोट इतर कुठल्याही नोटेसारखीच वैध असल्याचं स्पष्ट केलं. संग्रह करणारी मंडळी तर अशा नोटा शोधत असतात, पण कोणी पाचशेच्या वापरलेल्या नोटेला दोन हजार देतो म्हणाला तर त्याच्या नादाला लागू नका.

नंबर बघायचाच असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी बघा. सुरुवातीची तीन अक्षरं एकाच उंचीची आणि पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणारे, हे नीट आहे का? आणि महत्त्वाचं म्हणजे, एकाच गिऱ्हाइकाकडून आलेल्या दोन नोटांचा नंबर एकच तर नाही? भाच्याला हे सांगा. खऱ्या नोटा एकमेकींपासून थोड्या वेगळ्या असतात, नकली नोटा मात्र बऱ्याचदा नंबरासकट जुळ्या असतात, कारण त्या एकाच मूळ नोटेवरून काढलेल्या असतात.

आता चौथी, धुतलेली. भाच्याने त्यातल्या त्यात शास्त्रीय परीक्षा केली आणि तिथेच तो फसला. निळ्या दिव्याखाली खरी नोट मंद राहते आणि साधा कागद पांढराफेक चमकतो, हे बरोबर आहे. साध्या कागदात तो शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारं रसायन घालतात, नोटेच्या कागदात घालत नाहीत. खऱ्या नोटेत नंबर आणि अधूनमधून बारीक रंगीत तंतू चमकतात, कागद नाही. पण कपडे धुवायच्या पावडरमध्ये तेच चमकवणारं रसायन असतं! पांढरे शर्ट उजळ दिसतात ते त्यामुळेच. हे रसायन कापसाला चिकटतं आणि नोटेचा कागद कापसाचाच. म्हणजे धुतलेली खरी नोट निळ्या दिव्याखाली चमकणं हे अपेक्षितच आहे. मोजायच्या स्वस्त मशीनही याच कारणाने अशी नोट मागे टाकतात. तिथे दिव्याचा निकाल धरायचाच नाही.

रंग जाण्याबद्दलही लोकांचा उलटा समज आहे. इंटॅग्लिओची शाई कागदावर उंच बसलेली असते, त्यामुळे घासली की ती थोडी सुटू शकते. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी दोन हजारांची नोट रंग सोडते म्हणून ओरड झाली होती, तेव्हाचे अर्थव्यवहार सचिव शक्तिकांत दास यांनी सांगितलं होतं की कापडाने घासल्यावर रंग लागतो हीच त्या शाईची खूण आहे. मी मात्र घासून बघा असं सांगणार नाही, चांगल्या नोटेची नासाडी कशाला? धुतलेल्या नोटेत टिकायला हव्यात त्या गोष्टी बघा. वॉटरमार्क कागदाच्या घडणीत आहे, तो धुतला जात नाही. धागा पोटात आहे, तो निघत नाही. दोन्ही बाजूंचा जुळणारा '500' फिका होईल पण सरकणार नाही. आणि साधा कागद मशीनमध्ये फिरला असता तर लगद्याचा गोळा झाला असता, कपडे झटकताना तुमच्या भावजयीनेच शिव्या दिल्या असत्या. नोट अख्खी बाहेर आली हीच तिच्या बाजूची मोठी साक्ष. सावलीत वाळवा, इस्त्री करू नका.

समजा ती धुताना फाटली असती तरी सगळं जात नाही. बँकेत फाटक्या नोटेचा नियम आहे. पन्नास आणि वरच्या नोटांमध्ये सगळ्यात मोठा तुकडा 80 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्क्यांपर्यंत निम्मे. त्याखाली काही नाही.

तुम्ही गल्ल्यावर उभ्या असताना, समोर रांग असताना एवढं सगळं करणं शक्य नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतः जे करतो ते सांगतो, पाच-सहा सेकंदांत होतं. नोट घेतानाच अंगठा डाव्या काठावरून फिरवायचा, तिरक्या रेषा खरखरीत लागल्या पाहिजेत. कोऱ्या नोटेत हे स्वच्छ कळतं. फार मळलेल्या, घामाने मऊ पडलेल्या नोटेत कमी कळतं, तेव्हा नुसत्या स्पर्शावर जाऊ नका. मग नोट थोडी तिरकी करायची. उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासकट जो '500' आहे त्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, धाग्याचाही. इथे फसगत होते ती अशी की नकली नोटेवर चकचकीत हिरवी शाई असते. ती चमकते, पण हिरवीच राहते. चमकणं वेगळं आणि रंग बदलणं वेगळं. शंभरच्या नोटेवर मात्र हा आकडा रंग बदलत नाही, फक्त धागा बदलतो, उगाच शंभरवर संशय घेऊ नका. दोनशे-पाचशेची मोठी रक्कम असेल तर तिसरं काम, ट्यूबलाइटकडे धरून वॉटरमार्क आणि जुळणारा आकडा.

माझ्या शेजारच्या किराणावाल्याकडे आलेली एक नकली नोट मी हातात घेऊन बघितली होती. लांबून छान होती. वॉटरमार्कच्या जागी राखाडी शाईने गांधीजींचा चेहरा छापला होता, उजेडात न धरताही तो दिसत होता, तिथेच संशय आला. चेहऱ्यात सावलीच नव्हती, एकच सपाट करडा रंग. धागा दोन पातळ कागदांच्या मधे चिकटवला होता. नखाने कोपरा जरा उचकटला तर कागदाचे पापडासारखे दोन पदर सुटले. खऱ्या नोटेला असे पदर नसतातच.

नोट बारकाईने बघण्याची सवय लागली की मजाही येते. मागच्या भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, त्यात आपली मराठी वरून आठवी. वीसच्या नव्या नोटेवर आपलं वेरूळ आहे. आणि गांधीजींचा तो हसरा चेहरा काही चित्रकाराने कल्पनेने काढलेला नाही. 1946 साली लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासोबत काढलेल्या फोटोतून तो कापून घेतलाय आणि आरशासारखा उलटवलाय.

तुम्ही ओघात विचारलंय की मग प्लास्टिकच्या नोटाच का काढत नाहीत. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये सुरुवात केली, पुढे बऱ्याच देशांनी केली. आपल्याकडेही दहाच्या प्लास्टिक नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, भुवनेश्वर आणि शिमला या पाच शहरांत वापरून बघायचं जाहीर झालं होतं. शहरं मुद्दाम वेगवेगळ्या हवामानाची निवडली होती. प्लास्टिकची नोट मळत नाही, भिजली तरी काही होत नाही. पण आपण नोटेच्या चार घड्या घालून कमरेला खोचणारी माणसं. प्लास्टिकला कडक घडी पडली की ती सहजी जात नाही, आणि एकदा काठाला चीर गेली की पुढे सरसर फाटत जाते. शिवाय कागदासाठी उभी केलेली गिरणी, शाई, मशीन, मोजणी यंत्रं सगळंच बदलावं लागेल. छापणारा म्हणून माझं मत विचाराल तर मला कापसाचाच कागद आवडतो, पण हे मत ज्याच्या हाताला आयुष्यभर कागद लागला त्याचं आहे, एवढं लक्षात घ्या.

शेवटी व्यवहाराचं. वर सांगितलेलं सगळं बघूनही चारपैकी एखादी नोट नापास झाली तर ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नका. खोटी आहे हे माहीत असताना चालवणं गुन्हा आहे, नकळत हातात येणं नाही. सरळ तुमच्या बँकेत न्या. नोट खोटी निघाली तर बँक त्यावर शिक्का मारून ती ठेवून घेते. पैसे मिळत नाहीत, पण पावती द्यावीच लागते, ती मागून घ्या. एका वेळच्या भरण्यात अशा चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर थेट गुन्हा नोंदवला जातो. तुमच्याकडे चारच आहेत, आणि माझ्या अंदाजाने त्यातली एकही जाणार नाही.

बँकेतून येताना एक काम करा. पाचशेची एक कोरी करकरीत नोट मागून घ्या आणि गल्ल्याच्या खणात वेगळी ठेवा, खर्च करू नका. संशय आला की त्या नोटेशेजारी ठेवून माप, रंग, उठाव बघायचा. माझ्या टेबलाच्या काचेखाली अशी एक नोट सात वर्षं होती. नातवाने शाळेच्या सहलीला जाताना ती काढून नेली, तेव्हा सध्या मीही नवीन आणायची म्हणतोय.